पेटीचा लेहरा आणि संगणकाचें आवर्तन

तबला शिकणारें मूल ज्या घरांत आहे त्या घराला एक अडचण हटकून जाणवते. तबला आहे, डग्गा आहे, गुरुजींनीं सांगितलेला कायदा वहींत उतरवून घेतलेला आहे, सकाळची निवांत वेळहि आहे. नाहीं तो लेहरा धरणारा. आई स्वयंपाकघरांत, वडील कचेरीच्या घाईंत, धाकट्या भावाला पेटी येत नाहीं आणि शेजाऱ्यांना येते तर त्यांना सवड नाहीं. मग तें मूल तोंडानें बोल म्हणत, मनांत मात्रा मोजीत एकटेंच वाजवीत बसतें; आणि एकट्यानें वाजवितांना लय कशी धांवत सुटते हें ज्यानें ऐकलें आहे त्याला अधिक सांगावयास नको.

ह्या अडचणीवर संगणकानें एक उपाय आणला आहे, आणि आजच्या भाषणाचा विषय तोच आहे. घरच्या माणसानें घरच्या पेटीवर वाजविलेला लेहरा ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरांत भरावयाचा, त्यांतलें एकच आवर्तन कापून घ्यावयाचें आणि तें हवा तितका वेळ फिरत ठेवावयाचें. ऐकावयास हें दोन मिनिटांचें काम वाटतें. तें तसें नाहीं, आणि कां नाहीं हें समजून घेण्यासारखें आहे.

लेहरा हा शब्द ज्यांच्या कानावरून गेला नसेल अशा श्रोत्यांसाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. लेहरा, किंवा नगमा, म्हणजे तालाच्या एका आवर्तनांत नेमकी बसणारी लहानशी सुरावट. त्रितालाच्या १६ मात्रांत ती पुरी होते आणि पुन्हां पहिल्यापासून सुरू होते. पेटीवाला किंवा सारंगिया ती अर्धा-पाऊण तास, कधीं त्याहूनहि अधिक वेळ वाजवीत राहतो, आणि तबलजी तिच्या आधारानें पेशकार, कायदे, रेले, तुकडे मांडीत जातो. गाण्याच्या बैठकींत तबला ठेका धरतो आणि गवई मोकळेपणानें फिरून समेवर येतो. येथें सारें उलट. ठेक्याचें काम पेटीकडे आणि फिरावयास तबला मोकळा. काम दिसावयास बिनबुद्धीचें, पण तसें तें मुळींच नाहीं. उस्ताद झाकिर हुसेन यांच्या स्वतंत्र तबलावादनाला उस्ताद सुलतान खां यांच्यासारखा, स्वतः मैफल गाजविणारा सारंगिया लेहरा धरून बसे, तें कांहीं उगीच नव्हे. लेहरा डळमळला कीं त्यावरची सगळी इमारत डळमळते.

पेटीची गोष्ट नभोवाणीवरून सांगावयाची तर तिच्या एका जुन्या वनवासाचीहि आठवण ठेवावी लागते. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीला आपल्या स्टुडिओंत मज्जाव केला होता. तिच्यांतून मींड निघत नाहीं, श्रुति निघत नाहींत, असा आक्षेप होता, आणि तो अगदींच खोटा नव्हता. १९७१ सालापासून ती बंदी सैल झाली. लेहऱ्यापुरतें पाहिलें तर त्याला मींडेपेक्षां स्पष्टपणाची गरज अधिक. आणि स्पष्टपणा पेटींत भरपूर आहे.

आतां एकच तुकडा अखंड फिरविण्याची जी युक्ति, तिला ध्वनिमुद्रणाच्या भाषेंत लूप म्हणतात. ही युक्ति संगणकाहून बरीच जुनी असून तिच्या इतिहासाचें एक टोक नभोवाणींतच सांपडतें. पॅरिसच्या नभोवाणींत काम करणाऱ्या पिएर शेफर यांनीं १९४८ सालीं तबकड्यांवर कांहीं प्रयोग केले. तबकडीवरची खांच ही नागमोडी वेटोळें घेत आंत आंत जाते. शेफर यांनीं ती खांच स्वतःलाच जोडून बंद केली. सुई एकदां त्या खांचेंत पडली कीं तेथेंच फिरत राहणार. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर अशी एक बंद खांच म्हणजे जेमतेम पाऊण सेकंदाचा ध्वनि. आगगाडीच्या आवाजांची त्यांनीं केलेली रचना त्याच वर्षीं ५ ऑक्टोबर रोजीं नभोवाणीवरून प्रसृत झाली. पुढें चुंबकीय फीत आली, तेव्हां तर फितीचीं दोन टोकें चिकटवून वेटोळें करणें हें कात्रीचें आणि चिकटपट्टीचें काम झालें.

फितीच्या ह्या काळांतला एक प्रसंग मोठा बोलका आहे. १९७७ सालीं बी जीज ह्या गायकबंधूंच्या 'स्टेइंग अलाइव्ह' ह्या गीताचें मुद्रण फ्रान्समधील एका जुन्या वाड्यांत चाललें असतां त्यांचा ड्रमवादक घरच्या दुःखद कारणामुळें निघून गेला. गीत तर पुरें व्हावयास हवें. तेव्हां त्याच वादकानें 'नाइट फीव्हर' ह्या दुसऱ्या गीतासाठीं वाजविलेल्या ठेक्यांतला एक लहानसा तुकडा मुद्रकांनीं निवडला, त्याच्या फितीचें वेटोळें केलें आणि तें फिरवीत ठेवून त्यावर सबंध गीत उभें केलें. तबकडीच्या वेष्टणावर ड्रमवादक म्हणून गमतीनें 'बर्नार्ड लूप' असें नांव घातलें गेलें, आणि ह्या नसलेल्या माणसाला आपल्या मुद्रणासाठीं बोलवावें म्हणून लोक चौकशी करूं लागले. गंमत बाजूला ठेवली तर त्यांतली खरी गोष्ट अशी कीं तो ठेका यंत्रानें निर्माण केलेला नव्हता. वाजविणारा निघून गेला होता. त्याचा हात तेवढा मागें राहिला होता.

संगणकांत खांचहि नाहीं आणि फीतहि नाहीं. तेथें ध्वनि म्हणजे आंकडे. ऑडॅसिटी हें २००० सालीं निघालेलें सॉफ्टवेअर कोणालाहि विनामूल्य मिळतें, आणि २००४ सालीं निघालेलें गॅरेजबँड ॲपल कंपनीच्या संगणकांवर व फोनांवर विनामूल्य मिळतें. गॅरेजबँडाबरोबर तयार लूपांचा मोठा संग्रहच येतो. ड्रमचे, गिटारचे, पियानोचे. लेहऱ्याचीं तयार यंत्रें व ॲपहि बाजारांत आहेत, आणि तीं वाईट नाहींत. परंतु गुरुजींनीं शिकविलेला नेमका लेहरा, आपल्या तबल्याच्या पट्टींतला, आपल्याला पेलणाऱ्या लयींतला, हा तयार मालांत मिळेलच असें नाहीं. शिवाय दुसऱ्यानें शिवलेला आणि घरीं मापानें शिवलेला कपडा यांत जो फरक, तोहि आहेच.

ह्या कामांत कोणकोणत्या अडचणी येतात हें साताऱ्याच्या एका घरच्या हकीकतीवरून चांगलें कळेल. त्या घरची नात आठ वर्षें तबला शिकलेली. तिला लेहरा आजोबा धरीत. आजोबा हौशी पेटीवाले; भजनाला, नाट्यपदांना उभ्या गांवांत साथ केलेले. पुढें त्यांचा डावा खांदा धरूं लागला. उजवा हात पट्ट्यांवर बिनतक्रार चाले, पण भाता ओढणारा डावा हात दहा मिनिटांत थके. त्यांतच नातीचें उच्च शिक्षणासाठीं जर्मनीला जाण्याचें ठरलें. विमानांत तबल्याची जोडी कशीबशी जाईल, पेटी जाणार नाहीं, आणि पेटी गेली तरी आजोबा कोठून जाणार? निघावयास महिना उरला असतां लेहरा भरून घेण्याचें ठरलें. चंद्रकंसांतला एक लेहरा घरांत वर्षानुवर्षें वाजत आला होता, तोच घ्यावयाचा. भाता आजींनीं हलवावा, पट्ट्या आजोबांनीं दाबाव्यात, अशी वांटणी झाली.

पहिला प्रयत्न साफ फसला. आजोबांनीं एक आवर्तन वाजविलें आणि थांबले. नातीनें तेवढाच तुकडा कापून फिरवला. ऐकतांना प्रत्येक आवर्तनाच्या अखेरीस एक खड्डा पडे. दर वेळीं सम फुगत येई, कारण आरंभीं भाता रिकामा असल्यामुळें पहिला सूर हळूहळू भरत गेला होता. मागें पंख्याची घरघर होती ती वेगळीच. जोडावर 'टक्' असा बारीक आवाजहि येई. आजोबा म्हणाले, "हा लेहरा नव्हे, ही उचकी आहे."

पंखा बंद करणें सोपें होतें, आणि मायक्रोफोन भात्याच्या तोंडापासून दूर, पट्ट्यांच्या बाजूला हातभर अंतरावर ठेवतांच भात्याचा सुस्काराहि कमी झाला. लयीचा प्रश्न त्याहून अवघड. सॉफ्टवेअरांत टक्-टक् करून मात्रा दाखविणारा मेट्रोनोम असतो. तो कानांत हेडफोन घालून ऐकावा लागतो, नाहीं तर त्याची टकटकहि मुद्रणांत उतरते. पण साठ वर्षें माणसांबरोबर वाजविलेल्या आजोबांना त्या टकटकीबरोबर वाजविणें जमेना. हात आंखडे. तेव्हां नातीनें उलटी वाट धरली. तिनें स्वतः मेट्रोनोमवर त्रितालाचा साधा ठेका वाजवून आधीं भरून घेतला आणि तो आजोबांच्या कानांत सोडला. ठेका एका पट्टीवर, पेटी दुसऱ्या पट्टीवर. सॉफ्टवेअरांत हे निरनिराळे राहतात आणि नंतर ठेका काढून टाकतां येतो. आजोबा नातीच्या ठेक्याबरोबर निर्धास्त वाजवूं लागले. ज्यांच्या घरीं जुन्या वळणाचा पेटीवाला आहे त्यांनीं ही युक्ति अवश्य करून पाहावी.

येथें थोडें गणित केलें पाहिजे. लय मिनिटाला ८० मात्रांची ठरली. म्हणजे एका मात्रेला पाऊण सेकंद आणि त्रितालाच्या आवर्तनाला बरोबर १२ सेकंद. संगणक साधारणपणें एका सेकंदांत ध्वनीचीं ४४,१०० मापें घेतो. तेव्हां एक आवर्तन म्हणजे ५,२९,२०० मापें, एक कमी नाहीं कीं एक जास्त नाहीं. कानानें अंदाज घेऊन कापलें आणि दशांश सेकंदाची चूक झाली, तर सोळावी मात्रा पाऊण सेकंदाऐवजीं ०.८५ सेकंदाची होते. एकदां झालें तर कोणाच्या लक्षांतहि येणार नाहीं. परंतु मिनिटाला ५ आवर्तनें, अर्ध्या तासांत १५०. दीडशें वेळां तबलजी समेवर हात टाकणार आणि दीडशें वेळां सम अंगुळभर पुढें सरकलेली असणार. महिनाभर अशा लेहऱ्यावर रियाज केलेल्या मुलाचा हात बिघडला तर नवल नाहीं. म्हणून तुकड्याची लांबी कानानें ठरवूं नये, सॉफ्टवेअरांतील मात्रांच्या रेषांनीं ठरवावी. त्रितालाला चार-चार मात्रांचे चार खण, रूपकाला सात मात्रांचा एक खण, झपतालाला पांच-पांचांचे दोन, असें आधींच सांगून ठेवतां येतें.

संगणक आवाज आंत घेतांना थोडा उशीर करतो, त्यामुळें सगळी पेटीच ठेक्याच्या कांहीं सहस्रांश सेकंद मागें उमटते. ती तशीच्या तशी पुढें ओढून समेचा पहिला सूर रेषेवर आणावा, एवढ्यानें भागतें.

आतां कापावयाचें कोठें? सगळ्या प्रकरणांतला महत्त्वाचा प्रश्न हाच. पहिल्या प्रयत्नांत नातीनें जें केलें तें बहुतेक सर्वजण करतात: एक आवर्तन सुरू झालें तेथून तें संपलें तेथपर्यंत. पण आवर्तन संपतें कोठें? तबल्याच्या कोणत्याहि विद्यार्थ्याला विचारावें. तुकडा सोळाव्या मात्रेवर संपत नाहीं. तिहाईचा शेवटचा 'धा' पुढल्या समेवर पडतो तेव्हां तो संपतो. सम ही आरंभहि असते आणि शेवटहि. पेटीच्या सुराचेंहि तसेंच आहे. सोळाव्या मात्रेचा सूर बोट उचलल्यावरहि खोलींत क्षणभर रेंगाळतो, आणि त्याचें शेंपूट पुढच्या समेच्या अंगावर पडलेलें असतें. शांततेंतून सुरू झालेल्या पहिल्या आवर्तनाच्या समेवर असें कोणतेंच शेंपूट नसतें. म्हणून त्याचें शेवटचें टोक पहिल्या टोकाला जोडलें कीं रेंगाळणारा सूर तेथें एकदम तुटतो आणि खड्डा ऐकूं येतो.

उपाय असा कीं आठ-दहा आवर्तनें सलग वाजवावींत आणि मधलें एखादें घ्यावें. मधल्या आवर्तनाच्या समेवर मागच्या आवर्तनाचें शेंपूट आधींच आलेलें असतें. सुरावट तीच असल्यामुळें तें ह्याच आवर्तनाच्या शेवटाशीं चपखल बसतें. भाताहि तोंवर भरलेला असतो आणि हात सैल झालेला असतो. आजोबांनीं दहा आवर्तनें वाजविलीं. नातीनें सहावें घेतलें. खड्डा नाहींसा झाला. लूप उत्तम हवा असेल तर त्याच्या आधीं आणि नंतर काय वाजलें त्याला महत्त्व आहे, ही गोष्ट सॉफ्टवेअराच्या माहितीपत्रकांत सहसा ठळकपणें दिलेली नसते. परंतु तालाची सवय असलेल्या माणसाला ती पटावयास वेळ लागत नाहीं.

राहिला तो 'टक्'. ध्वनि म्हणजे एका मधल्या रेषेच्या वर-खालीं होणारी लाट. कापतांना लाट वर असली आणि जेथें जोडावयाचें तेथें ती खालीं असली, तर जोडावर लाटेला एकदम उडी मारावी लागते, आणि ती उडीच 'टक्' अशी ऐकूं येते. म्हणून दोन्ही टोकें लाट मधली रेषा ओलांडते अशा ठिकाणीं धरावींत. ऑडॅसिटींत अशी जागा शोधून देणारी आज्ञा आहे. शिवाय जोडावर पांच-दहा सहस्रांश सेकंद एक टोक मावळतें आणि दुसरें उगवतें असें करतां येतें. एवढ्यानें सांधा कानाला सांपडेनासा होतो.

सॉफ्टवेअर आणखी एक सेवा देऊं करतें: प्रत्येक सूर ओढून मात्रेच्या रेषेवर नेऊन बसविण्याची. ही सेवा नाकारावी. आवर्तनाचीं दोन टोकें रेषेवर असलीं म्हणजे पुरें. मधले सूर हातानें जेथें टाकले तेथेंच राहूं द्यावेत. चांगला लेहरा खालीपासून समेकडे किंचित् झुकत जातो, आणि ह्या झुकण्यामुळेंच तबलजीला सम लांबून दिसते. सगळे सूर कवायतीला उभे केले कीं तें झुकणें जातें.

लय बदलण्याच्या सोयीबद्दलहि असेंच कांहीं म्हणावें लागेल. ८० मात्रांचा लूप यंत्र ९० वर नेतें, ७० वर आणतें, सूर न बदलतां. ही मोठीच करामत आहे. पण १६० वर नेलेला लेहरा हास्यास्पद होतो. त्यांत पेटीचा आवाज फाटतो हा दोष आहेच. पण आवाज फाटला नसता तरी तो चुकीचाच झाला असता. विलंबित लयींत पेटीवाला दोन मात्रांमधली जागा बारीक सुरांनीं भरतो. द्रुत लयींत तो भरणा काढून टाकून नुसता सांगाडा वाजवतो. लय वाढली म्हणजे लेहराच बदलतो, आणि हें बदलणें यंत्राला ठाऊक नाहीं. म्हणून साताऱ्याच्या घरीं ६०, ८०, १२० आणि १६० अशा चार लयींचे चार लेहरे निरनिराळे वाजवून घेतले गेले. पट्टीचेंहि तसेंच, अर्ध्या-एका सुरानें वर-खालीं केलें तर चालतें, त्यापलीकडे पेटी ओळखूं येईनाशी होते. तंबोऱ्याचें ॲप सोबत लावावयाचें असेल तर तें पेटीला जुळवून घ्यावें. घरची पेटी वर्षानुवर्षांच्या वापरानें थोडी सरकलेली असते, आणि ती ॲपला जुळून येण्याची वाट पाहण्यांत अर्थ नाहीं.

तयार झालेला तुकडा गॅरेजबँडांत लूपांच्या संग्रहांत घालतां येतो. मग तो इतर तयार लूपांप्रमाणेंच केव्हांहि काढावा आणि कडा धरून ओढावा तितका लांबतो. संग्रहांत घालतांना एक छापील चौकट भरून द्यावी लागते. संगीताचा प्रकार कोणता, वाद्य कोणतें, स्वरग्राम मेजर कीं मायनर. षड्ज, कोमल गंधार, मध्यम, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद असा पांच स्वरांचा चंद्रकंस ह्या प्रश्नाचें काय उत्तर देणार? 'दोन्ही नव्हे' अशीहि एक सोय त्या चौकटींत आहे. नातीनें तिच्यावर खूण केली आणि नांवाच्या जागीं 'आजोबा त्रिताल ८०' असें लिहिलें.

नात गेली. तबला गेला, पेटी साताऱ्यालाच राहिली. पेटीचें ओझें आठ-दहा किलो. १२ सेकंदांच्या आवर्तनाचें ओझें दोन मेगाबाइट. ती रोज संध्याकाळीं हेडफोन घालून, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तबल्यावर रुमाल टाकून, अर्धा तास वाजवूं लागली. दोन महिन्यांनीं तिनें फोनवर एक कबुली दिली. "आजोबा, माझी खाली पक्की झाली असं मला वाटत होतं. पण मी खाली लेहऱ्यावर धरतच नाहीं. आजीच्या बांगडीवर धरते."

प्रकार असा झाला होता: त्या निवडलेल्या सहाव्या आवर्तनांत नवव्या मात्रेवर भाता ओढतांना आजींच्या बांगड्यांचा अगदीं बारीक 'किण्' असा आवाज उमटला होता. मुद्रण करतांना तो कोणाच्याहि कानीं आला नाहीं. पण तो दर १२ सेकंदांनीं, न चुकतां, खालीच्या मात्रेवर येई. आणि दोन महिन्यांत नातीचा कान सुरावट सोडून त्या किणकिणीवर टेकूं लागला होता. तिकडच्या एका मित्राच्या पेटीवर तिनें तबला वाजवून पाहिला, तेव्हां बांगडी नसल्यामुळें तिची खाली दोनदां हुकली. तेव्हां कुठें तिला हें कळलें.

लूपचा खरा धोका तो हाच. माणूस लेहरा धरतो तेव्हां दीडशें आवर्तनें दीडशें तऱ्हांचीं असतात. एखादा सूर जरा दाबून येतो, एखादा हलका, भात्याचा आवाज कधीं येथें तर कधीं तेथें. ह्या साऱ्या बदलांतून जें बदलत नाहीं तेवढेंच कान पकडतो, आणि तोच ताल. यंत्राच्या आवर्तनांत कांहींच बदलत नाहीं. त्यामुळें पेटीचा सूर आणि बांगडीची किणकिण ह्यांना तेथें एकच मोल. कान आळशी असल्यामुळें जें सोपें तें तो धरतो. शिवाय यंत्र ऐकत नाहीं. प्रत्यक्ष वादनांत कायद्यांकडून रेल्यांकडे जातांना लय हळूहळू वर चढते, आणि जाणता पेटीवाला तबलजीच्या मानेच्या एका हालचालीवरून ती चढवतो. लूपला मान दिसत नाहीं. उलट, हात चुकला तर प्रेमळ पेटीवाला क्षणभर सांवरून घेतो आणि यंत्र सांवरून घेत नाहीं, हा मात्र विद्यार्थ्याच्या दृष्टीनें यंत्राचा गुणच म्हटला पाहिजे. नातवंडांना लेहरा देणारे आजोबा लोक जरा अधिकच सांवरून घेतात, असाहि अनुभव आहे.

बांगडीचा आवाज सॉफ्टवेअरांत पुसतां आला असता. तसा प्रयत्न झालाहि. पण त्या जागच्या पेटीच्या सुराला त्यामुळें खरवड पडली. शेवटीं साताऱ्यास पुन्हां बैठक झाली. ह्या वेळीं आजींनीं मनगटावर बांगड्यांभोंवतीं रुमाल बांधला. आजोबांना म्हणाल्या, "अहो, तुमच्या त्या पट्टीचा खटकाहि ऐकूं येतो, तिलाहि रुमाल बांधा." पट्टीखालीं लोकरीचा तुकडा घातला गेला. आणि एका आवर्तनाऐवजीं ह्या खेपेस चार सलग आवर्तनें कापलीं: पहिलें अगदीं साधें, पुढचीं तीन अधूनमधून एखादा सूर इकडे-तिकडे फिरवून वाजविलेलीं. ४८ सेकंदांचा हा लूप अर्ध्या तासांत ३७ वेळांच येतो, आणि कोठलाहि एक बारीक आवाज दर खालीला येत नाहीं. नातीची खाली पुन्हां सुरावर यावयास तीन आठवडे लागले.

जुना १२ सेकंदांचा लूप तिनें पुसून टाकलेला नाहीं. रियाजाला मात्र ती तो लावीत नाहीं. सध्या आजोबा झपतालाच्या १० मात्रांचा लेहरा बसवीत आहेत. भाता आजींकडेच आहे.